नडगीतला स्क्रू

पनवेल,
६ जानेवारी २०२५

चि. कोमल,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत नाही.

तुझं पत्र आलं. एका पानात तीन वेळा 'बाकी ठीक'. बाकी ठीक म्हणजे काय? जे ठीक नाही ते कुठे लिहिलंस? चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. 'बाकी ठीक' म्हणणारा माणूस काहीतरी गिळत असतो, एवढं त्या नोकरीने शिकवलं. म्हणूनच तुझ्या त्या मोबाइलवर मी येत नाही. फोनवर माणूस 'हो आत्या, हो आत्या' करून सुटतो. कागदावर खोटं लिहायला हात जड होतो.

जासईच्या मैदानावर त्या दांडग्या पोरीचा घोटा धरताना तुझा डावा गुडघा वळला आणि आतला लिगामेंट तुटला, त्याला आता आठ महिने झाले. ऑपरेशनला सहा. तुझ्याच मांडीतला टेंडन काढून डॉक्टर घरतांनी नवा लिगामेंट केला, वर बटण आणि खाली नडगीत स्क्रू लावून तो ताणून बसवला. नऊ महिन्यांनी मैदान म्हणाले. म्हणजे एप्रिल. मेमध्ये जिल्हा संघाची निवड चाचणी. हे मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या सोफ्यावर तीन आठवडे लोळून तू दुसरं काही बोललीच नाहीस.

आणि आता लिहितेस की गुडघा जमिनीला टेकवता येत नाही, कळ येते. अगं, डाव्या कोपऱ्यात खेळणारी तू. खाली बसून घोटा धरायचा हेच तुझं काम ना? मला कबड्डीतलं काही कळत नाही, पण एवढं कळतं. मग टेकव. सवय लाव. आम्ही ननांच्या बोर्डिंगात रोज सकाळी अर्धा तास चॅपेलच्या फरशीवर गुडघ्यांवर असायचो. ख्रिस्ती मुली प्रार्थनेला, आम्ही शिस्तीला. सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, गुडघे आधी रडतात, मग शिकतात. साठ मुलींत एकीचाही गुडघा कामातून गेला नाही. मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि लिफ्ट बंद पडली की तीन मजले चढते. ती आठवड्यातून दोनदा बंद पडते. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी तिसरं पत्र दिलंय.

तर उद्यापासून रोज सकाळी दहा मिनिटं. नुसत्या फरशीवर. उशी घेशील तर खबरदार.

तुझी
वेणूआत्या


करंजा,
१५ जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकून केला, गुडघ्यासकट.

तुझं पत्र आधी बाबांनी वाचलं, मग आईने, मग मला मिळालं. आमच्याकडे पोस्टमन आला की सगळ्यांना वाटतं कोर्टाची नोटीस आली. बाबा म्हणाले, वेणूताईचं पत्र म्हणजे नोटीसच.

तू सांगितल्यापासून रोज बसते. मधल्या खोलीत, पलंगाची कड धरून. फरशी गार लागते. दहा मिनिटं होतात. थोडं दुखतं, म्हणजे जेवढं दुखायला हवं तेवढंच. डोळे मिटून पूर्ण मॅच मनात खेळते, मग वेळ जातो. कालच्या मॅचमध्ये मी सात पकडी केल्या.

एक गंमत सांगते. ऑपरेशनच्या व्रणाखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आलंय. चिंचोक्याएवढं. दाबलं की आत काहीतरी कडक लागतं. आमची कॅप्टन अंकिता म्हणते, कोमल, तुला बटण बसवलंय, दाबलं की दिवा लागणार. बाबा म्हणतात जुन्या दोराला नवा दोर जोडला की गाठ येणारच, बोटीवर पण येते, त्यात काय घाबरायचं. आई त्यावर रोज मोरी माशाचं तेल चोळते. इतका वास येतो की गल्लीतली मांजरं माझ्यामागून फिरतात. क्लासला जाताना रिक्षावाला म्हणाला, ताई, डबा सांडला का?

बाबांची बोट परवा गेली, आठ-दहा दिवस येणार नाही. बाकी ठी... बघ, लिहिणार होते, लिहिलं नाही.

तुझी
कोमल


पनवेल,
२२ जानेवारी

चि. कोमल,

मोरीचं तेल ताबडतोब बंद. तुझ्या आईला, भीमाबाईला सांग, पोरीचा पाय आहे, बोटीचं लाकूड नव्हे.

टेंगूळ म्हणजे सूज, आणि सूज म्हणजे सहा महिने साठलेला आळस. फिजिओथेरपीच्या बाईने दिलेले व्यायाम तू अर्धे करतेस हे मी इथे डोळ्यांनी पाहिलंय. 'झाले गं आत्या' म्हणायचीस आणि मोबाइल हातात. आता शरीर हिशेब मागतंय. दहाची वीस मिनिटं कर. दुखतंय म्हणजे लागू पडतंय.

मी कठोर वाटते, मला माहीत आहे. तुझ्या आजोबांनी मला आठव्या वर्षी करंज्याहून उचलून बोर्डिंगात ठेवलं तेव्हा मला ते कठोर वाटले होते. कपड्यांना सुक्या मासळीचा वास येतो म्हणून मुली माझ्याशेजारी बसायच्या नाहीत. मी एकदाही घरी कळवलं नाही. कळवलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी न्यायला आले असते आणि मी आज आणखी कुणाच्या तरी घरी बोंबील वाळवत असते. सोसलं म्हणून झालं.

आमच्या घराण्यातली एक मुलगी छातीवर जिल्ह्याचं नाव लावून उभी राहिलेली मला बघायची आहे. मी फार काही मागत नाही.

डॉक्टरांची तारीख ११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा. आदल्या दिवशी माझ्याकडे ये. सोडे-बटाटा करते.

आत्या


करंजा,
८ फेब्रुवारी

आत्या,

११ ला यायला जमत नाही. बोंबील भरपूर आलाय, आईला एकटीला वाळवणीचं उरकत नाही. डॉक्टरांना पुढची तारीख मागून घेते, तू फोन करू नकोस, मीच करते.

वीस मिनिटं होतात. आता कळ येत नाही. गुडघा शिकला बहुतेक.

तू जेवत जा वेळेवर. लिफ्ट बंद असेल तर खाली उतरू नकोस, भाजी कोणाकडून मागव.

कोमल


पनवेल,
१९ फेब्रुवारी

चि. कोमल,

दवाखान्यातल्या प्राचीचा फोन आला होता. तू तारीख मागितलेली नाहीस. फोनच केलेला नाहीस. मुलगी बिचारी मलाच विचारत होती की पेशंटला काही प्रॉब्लेम आहे का. मी म्हटलं, पेशंटला बोंबील आहेत.

तुझ्यासाठी केलेला सोडे-बटाटा मी दोन दिवस एकटीने खाल्ला. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. तेही तुझ्या नावावर.

काय चाललंय तुझं? जिल्ह्याचा संघ काय बोंबील निवडणार आहेत? तुला खेळायचं नसेल तर तसं लिही. 'आत्या, मला नाही जमत' एवढ्या चार शब्दांना पाच रुपयांचं तिकीट पुरतं. मी रागावेन, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेन. पण गप्प बसणाऱ्या माणसाचं मी काय करू? एक्स्चेंजमध्येसुद्धा लाइन मेली की निदान तसं सांगायची सोय होती.

उत्तर आलं नाही तर मी स्वतः येईन. आणि मी आले की काय होतं ते तुझ्या बापाला विचार.

वेणूआत्या


करंजा
ता. २६ फेब्रुवारी

वन्सं,

भीमाचा नमस्कार. मी सातवी पास हाय, लिवायची सवय नाय. चुका काढू नका. तुमी काढालच.

कोमलला ठाव नाय मी लिवते. फोन केला असता पन तुमी फोनवर आधी वरडता, मंग माझं राहूनच जातं.

जानेवारीपासून पोरगी रोज सकाळी फरशीवर गुडगे टेकून बसं. डोले मिटून. तोंडात पुटपुट. मला वाटलं झालं, ही किरिस्ताव झाली. तुमी ननांकडं शिकल्या, तुमीच काय मंत्र दिला असंल. मी यांना बोलले तं हे हसले, बोलले वेणूताई सोता नाय झाली ती पोरीला काय करंल. तरी मी एकवीरा आईला गाऱ्हानं घातलं. घरात रोज मासली शिजते आनि पोरगी असा उपास धरल्यावानी तोंड करून बसते, आईनं काय समजायचं?

मंग परवा तिचा पाय धरला तं पँट नडगीला चिकटलेली. ओली करून सोडवली. कातडी फुटलेली वन्सं. ते टेंगूळ फुटलं. पानी येते, थोडा पू. आनि आत चकाकते. मी पदरानं पुसलं, मला वाटलं हाड. हाड नाय. माझ्या पोरीच्या पायात लोखंड दिसते.

मी रडले तं तीच मला गप करते. बोलली, आई, बारा दिवस झाले, मी रोज डेटॉल लावते. मी बोलले आत्याला कलव. तं बोलली, नको, आत्यानं बसायला सांगितलं व्हतं, तिला वाटंल तिच्यामुलं झालं, ती एकटी असते, ती झोपनार नाय.

वन्सं, मी पन रोज तेल लावून तेच दाबत व्हते. दोघींनी मिलून केलं. आता कोनी कोनाला बोलायचं नाय. हे बोटीवर हायत. तुमी रागावल्या तरी चालंल पन या.

भीमा


१ मार्च

कोमल,

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन तुला न्यायला येतेय, तेव्हा तुझ्या हातात देईन. गाडीत वाच. वाचताना माझ्याकडे बघू नकोस, मी खिडकीबाहेर बघत असेन.

तोंडाने मला हे बोलता येणार नाही, मला आयुष्यभर कोणी शिकवलं नाही. चुकलं माझं. तू टेंगूळ लिहिलंस, 'आत कडक लागतं' असं लिहिलंस, मी वाचलं, आणि मी तुला आळशी म्हटलं. तुझ्या पायात स्क्रू आहे हे जानेवारीच्या पत्रात मीच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. आणि तरी मला तो आठवला नाही, मला सिस्टर ॲग्नेस आठवल्या.

तुला आणखी एक सांगते. तू लपवलंस याचा मला राग आलाय. तो राग तू बरी झाल्यावर काढेन. आत्ता पाय सरळ ठेवून बस.

आत्या


पनवेल,
४ मार्च

डॉ. प्रितेश घरत यांस,

काल तुमच्या ओपीडीत मी आवाज चढवला त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला हे पत्र नाही. तुमच्या बाकावर अडीच तास बसवल्यावर कोणाचाही आवाज चढेल.

मला जाब हवा आहे. एक्स-रेमध्ये तुम्ही स्वतः बोट ठेवून दाखवलंत की स्क्रूचं डोकं हाडाच्या बाहेर आलं आहे. बावीस वर्षांच्या सडपातळ मुलीच्या नडगीत, जिथे हाडावर कातडीशिवाय काही नाही, तिथे तुम्ही स्क्रू लावता, आणि तो उद्या वर येऊ शकतो हे तिला घरी पाठवताना कोणी सांगत नाही. डिस्चार्जच्या कागदावर पथ्य लिहिलंय, तारखा लिहिल्यात. 'टेंगूळ आलं तर त्याच दिवशी या' ही एक ओळ नाही. आमच्याकडे मुली दुखणं सांगत नाहीत, डॉक्टर. त्यांना विचारावं लागतं, आणि विचारूनही दोनदा.

इथवर लिहून मी चहा प्यायले. आता उरलेलं लिहिते.

तुम्ही काल तिला विचारलंत, गुडघ्यावर बसायला कोणी सांगितलं? ती म्हणाली, कोणी नाही. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. मी सांगितलं होतं. रोज आधी दहा, मग वीस मिनिटं, नुसत्या फरशीवर, सहा आठवडे.

तुम्ही म्हणालात की आता भीती स्क्रूची नाही, पू खाली नव्या लिगामेंटपर्यंत पोचला असेल तर तो सगळा काढावा लागेल, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यासारखा होईलच असं नाही. शनिवारी उघडल्यावर कळेल म्हणालात. शनिवारपर्यंत मला एवढंच कळू द्या: हे माझ्यामुळे झालं का? तिच्यासमोर सांगू नका. ती खोटं बोलेल. मला लेखी द्या.

वेणू नाखवा


६ मार्च

श्रीमती नाखवा,

प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर उत्तर देतोय, माफ करा, दुसरा हाताशी नाही.

स्क्रू बसवताना हाडाच्या पातळीत होता. काही जणांत हाड भरताना तो थोडा मागे सरकतो. कोमलचा सरकला. तिथे कातडी पातळ आहे, कधी ना कधी टोचलाच असता. रोज त्यावर वजन दिल्यामुळे कातडी लवकर फुटली. हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण जास्त नुकसान फुटल्यानंतरच्या बारा दिवसांनी केलं असेल, आणि ते तिच्या गप्प बसण्याचं आहे.

टेंगळाच्या ओळीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. कालपासून डिस्चार्जच्या कागदावर ती घातली. प्राचीला दोनदा विचारायलाही सांगितलंय.

शनिवारी सकाळी सातला या. तिला उपाशी आणा. तुम्ही खाऊन या.

घरत


पनवेल,
८ मार्च, शनिवार

दादू,

शिमग्याला बोट बंदराला लागेल तेव्हा हे घरी तुझी वाट बघत असेल. भीमा तुला फोन करीलच. मी केला तर मी रडेन आणि तुला वाटेल पोरगी गेली. म्हणून आधी शेवट लिहिते: पाय वाचला. आता बस आणि बाकीचं वाच.

आठला तिला आत नेलं. भीमा आणि मी बाहेर बाकावर. अर्धा तास ती तिच्या देवीला काही सांगत होती, मी भिंतीवरचा 'शांतता राखा' वाचत होते. मग ती म्हणाली, "वन्सं, तुमी पन तुमच्या ननांचं काय असंल ते म्हना. आता कोनाचं पन चालंल." मी म्हटलं, मला येत नाही, मी नुसती बसायचे. ती म्हणाली, "मंग बसा." आणि माझा हात तिच्या मांडीवर घेतला. तुझी बायको तीस वर्षं माझ्याशी पदर सावरून बोलत आली, दादू. मी तिला आज पहिल्यांदा जवळून पाहिलं.

सव्वानऊला डॉक्टर बाहेर आले. पू वरच होता, स्क्रूच्या डोक्याभोवती. खाली उतरला नव्हता. स्क्रू काढून सगळं धुतलं. भुलीतच त्यांनी तिची नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढून पाहिली, दोनदा. लिगामेंट हलला नाही. मी विचारलं, स्क्रू काढला मग तो धरून ठेवणार कोण? ते म्हणाले, आता हाडानेच धरलाय, आठ महिन्यांत रुजलाय तो, स्क्रूचं काम कधीच संपलं होतं. तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. खुंटी उपटली तरी दोर जागचा हलला नाही.

स्क्रू त्यांनी डबीत घालून दिला. एवढासा. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. भीमा म्हणाली समुद्रात टाकू. मी म्हटलं, कचऱ्यात टाक, समुद्राने काय केलंय?

भीमा तुला काही सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पोरीला फरशीवर मी बसवलं. तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर शिमग्याचे दिवस आहेत, बोंब मारायला सगळ्यांना मुभा असते. ये आणि मार. मी दार उघडं ठेवते.

आय नसताना तू माझ्या पाठीवर बसून बंदरावर यायचास. तेव्हा तुझा गुडघा फुटला की तू सगळ्या करंज्याला ऐकू जाईल असा रडायचास. चांगलं करायचास रे.

तुझी
वेणू


पनवेल,
१२ एप्रिल

चि. कोमल,

तुला जाऊन आठ दिवस झाले. सोफ्यावर कोणी नाही. मी त्यावर वर्तमानपत्रं ठेवली, मग उचलली.

मेची चाचणी हुकली. मी जिल्हा असोसिएशनला पत्र लिहिणार होते की वैद्यकीय कारणाने एक महिना पुढे ढकला. लिहिलं. मग फाडलं. तुझं नाव खराब झालं असतं. बघ, मीही शिकते, आणि फरशीवर न बसता.

कोमल, पहिल्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं होतं. मला वाटलं होतं कागदावर खोटं लिहायला हात जड होतो. माझा झाला नाही, कारण ते खोटं आहे हे मी स्वतःच विसरले होते. साठ मुलींत एकीचाही गुडघा कामातून गेला नाही, असं मी लिहिलं. आमच्यात एक गोदू होती. कुठल्याशा मिठागरावरची, माझ्याहून लहान, सातेक वर्षांची. तिचा गुडघा सुजला. तो लाल झाला होता, मी पाहिलं होतं, कारण आमच्या खाटा शेजारी होत्या. ती मला म्हणाली, सांगू नको, घरी पाठवतील. मी सांगितलं नाही. मला वाटलं ही शूर आहे. एके दिवशी ती ताप येऊन चॅपेलमध्ये पडली, तिचे वडील येऊन तिला उचलून घेऊन गेले. परत आली नाही. तिचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एकोणसाठ जणी पुन्हा फरशीवर.

साठ वर्षं मी सगळ्यांना साठ मुलींची गोष्ट सांगत आले. तुझी जखम भीमाने उघडून दाखवली तेव्हा मला ती आठवली. नाव आठवायला आणखी दोन दिवस लागले.

सोसलं म्हणून झालं, असं मी तुला लिहिलं. खोटं आहे. सोसलं आणि झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ननांनी मला इंग्रजी शिकवलं, टाके घालायला शिकवलं, हिशेब शिकवला. त्यासाठी मी ऋणी आहे. मासळीच्या वासाचं घरी कळवलं असतं तरी बाबांनी मला परत पाठवलंच असतं. त्यांना फक्त माहीत असतं. एवढाच फरक पडला असता, आणि तो फार मोठा होता.

म्हणून यापुढे असं. तुझ्या पत्रात सगळ्यात वर, नमस्काराच्याही आधी, काय दुखतंय ते येईल. कुठे, किती, कधीपासून. त्यानंतर मांजरं, बोंबील, अंकिता. काही दुखत नसेल तर तसं लिही, पण खरं असेल तरच. मी वाचून सल्ला देणार नाही. फार झालं तर डॉक्टरांना फोन करीन. आवाज न चढवता, हे वचन नाही, प्रयत्न आहे.

मला बघायला जिल्ह्याचं नाव नको. तू नीट चाललीस तरी मी बघत राहीन.

आत्या


करंजा,
२२ डिसेंबर २०२५

आत्या,

दुखतंय. उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, काल दुपारपासून. सुजलीत, पण वाकतात. आईने बर्फ लावला, तेल नाही. खालचा ओठ आतून फुटलाय, कोणाचं तरी कोपर लागलं, तिखट खाल्लं की झोंबतं. डावा खांदा ओढला गेलाय, हात वर केला की कळतं. कंबर सगळ्यांची दुखतेय, ती माझी एकटीची नाही. व्रण खाजतो, दुखत नाही. गुडघ्याचं खाली लिहिते.

आता नमस्कार.

काल शिरढोणला स्पर्धा होती आणि मी खेळले. डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच हो म्हटलं होतं, कागद आहे, प्राचीने दोनदा विचारून दिला. तुला आधी सांगितलं नाही. हे लपवणं नाही, आत्या, तू आली असतीस तर पंचांशी भांडली असतीस आणि आम्ही बाद झालो असतो. पुढच्या वेळी बोलावते. बाबा आले होते. बोट सोडून आले. आई पूर्ण वेळ पाठ करून उभी होती आणि शेजारच्या बाईला विचारत होती, "पडली का? उठली का?"

आम्ही दोन गुणांनी हरलो. हे मी का लिहिते ते सांगते. त्यातला एक गुण माझा गेला.

पहिल्या हाफमध्ये त्यांची चढाईवाली माझ्या कोपऱ्यात आली, उंच आहे, लांब पाय टाकते. तिने पाय आत टाकला आणि मी खाली गेले. डावा गुडघा मॅटला टेकला. दीड वर्षानंतर, आत्या. दोन्ही हातांत तिचा घोटा होता, आणि मी थांबले. मी गुडघ्याचं ऐकत होते. दुखतोय का, आत काही कडक लागतंय का, काही ओलं लागतंय का. आत काहीच नव्हतं. नुसता गुडघा. मला इतकं नवल वाटलं की मी तशीच ऐकत बसले, आणि तेवढ्यात ती सुटली, रेष ओलांडली आणि गुण घेऊन गेली. अंकिता माझ्यावर एवढी ओरडली की शिव्या इथे लिहिता येणार नाहीत. म्हणाली, "कोमल, पाया पडायला बसलीस का तिच्या?"

शेवटच्या पाच मिनिटांत ती पुन्हा आली. तोच कोपरा, तोच पाय. तिला वाटलं मी पुन्हा थांबेन.

या वेळी मी ऐकलं नाही. धरला.

तुझी
कोमल